एका एमजीबीचे पाटे, टायर आणि ठोकळे : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी १९७७ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. काळ्या रबरी बंपरची, १४ इंची रोस्टाइल (त्या काळच्या नक्षीदार पोलादी) रिमची, उजव्या हाताच्या स्टेअरिंगची. मालक माझा मित्र, मूळचा साताऱ्याचा, आता पंधरा-सोळा वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये. नाव-गाव सांगत नाही, कारण यात त्याची थोडी फजिती आहे आणि थोडी माझीही. माझा धंदा सस्पेन्शनचा. त्यामुळे पहिल्या खेपेला मी गप्प बसलो, हा माझा गुन्हा जास्त मोठा.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांवर. पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे आपल्या ट्रकसारखे पाटे, चारही चाकांना लिव्हर आर्मचे शॉकअप. साधी, दणकट, हातोडा-पान्ह्याने उलगडणारी गाडी. १९७४ च्या शरद ऋतूत कंपनीने अमेरिकेच्या बंपर आणि दिव्यांच्या नियमांसाठी तिला जाड रबरी बंपर लावले आणि सगळी गाडी सुमारे इंच-दीड इंच वर उचलली. पुढे क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो आडवा तुळईसारखा भाग) बदलला, मागे पाट्यांचा बाक आणि बसवणूक बदलली. त्यातच बऱ्याच गाड्यांचा पुढचा अँटिरोल बारही (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा) गेला. उंच केलेली, बार काढलेली स्पोर्ट्स कार वळणावर कशी चालेल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. १९७७ च्या मॉडेलपासून पुढे-मागे दोन्हीकडे बार आले, पण उंची तशीच राहिली.

म्हणजे मित्राची गाडी रबरी बंपरवाल्यांमधली त्यातल्या त्यात सुधारलेली. तरी क्रोम बंपरच्या जुन्या गाडीशेजारी उभी केली की सोवळं वर धरून पाण्यातून चालणाऱ्या माणसासारखी दिसायची. त्याला ते खुपायचं.

अडचण

वसंत ऋतूत तीन गोष्टी एकत्र आल्या. टायर सात वर्षांचे झाले होते. नक्षी बरी होती, पण बाजूच्या चार आकडी शिक्क्यावरून वय कळत होतं आणि कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. दुसरं, उंची कमी करायची होती. तिसरं त्याने सहज बोलता बोलता सांगितलं, आणि खरं तर तेच पहिलं असायला हवं होतं : "गाडी उभी केली की ड्रायव्हरच्या बाजूला जरा झिंगल्यासारखी वाटते."

एमजीबी एका बाजूला कलते ही जुनी तक्रार आहे. नव्या स्प्रिंगा घालूनही थोडी कलते, असं अनेक मालक सांगतात. म्हणून आम्ही दोघांनी ते हसण्यावारी नेलं.

समोर असलेले पर्याय

मूळ माप १६५ आर १४, म्हणजे १६५ मिलिमीटर रुंद टायर, १४ इंची रिमसाठी. सुरुवातीच्या काही रोडस्टरना १५५ सुद्धा होते. या जुन्या मापात उंचीचा आकडा लिहिलेला नसतो, तो रुंदीच्या साधारण ८० टक्के धरायचा. हिशेब प्रत्येकाने एकदा हाताने करून बघावा. टायरची रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचा व्यास. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर.

१६५/८० : ६२० मिमी व्यास.
१८५/७० : ६१५ मिमी.
१७५/७० : ६०१ मिमी.
१८५/६५ : ५९६ मिमी.
१९५/६० : ५९० मिमी.

याशिवाय १५ इंची रिम घेऊन १९५/५५ हा पर्याय होता. त्याचा व्यास ५९६, शिवाय दुकानात निवड भरपूर. तो मित्राने स्वतःच बाद केला, रोस्टाइल रिमशिवाय त्याला ती गाडीच वाटत नव्हती. १९५/६० मी बाद केला. त्या टायरला साडेपाच इंचापासून पुढची रिम लागते आणि रोस्टाइल पाच इंचाची आहे. अरुंद रिमवर रुंद टायर घातला की त्याच्या कडा फुगून बाहेर येतात, मधला भाग जमिनीवर जास्त दाबला जातो आणि वळणावर टायर रिमवर डुलतो. १८५/६५ ला पाच इंच चालते, पण अगदी खालच्या टोकाला.

उंचीसाठी तीन वाटा होत्या. एक, क्रोम बंपरच्या काळातला क्रॉसमेंबर शोधून बसवायचा. ही शुद्ध वाट, पण स्टेअरिंग रॅकचा कोन वेगळा असल्यामुळे कॉलमच्या सांध्यापासून सगळं जुळवत बसावं लागतं. दोन, पुढे आखूड स्प्रिंगा आणि मागे रबरी बंपरच्या गाडीसाठीच कमी बाकाचे बनवलेले नवे पाटे. तीन, पुढे आखूड स्प्रिंगा आणि मागे आहे त्याच पाट्यांवर अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये इंचभर जाडीचे अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे, सोबत लांब यू-बोल्ट.

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त. गॅरेजवाल्याने तीच सुचवली, १८५/६५ टायरसकट, एका दिवसात, एकाच बिलात.

पहिली खेप

मित्राने होकार दिला. निर्णयाच्या क्षणी त्याच्या हातात एकच मोजमाप होतं : जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं, अर्धवट झिजलेल्या टायरवर, घरासमोरच्या उतारावर घेतलेलं. मी फोनवर "चालेल" म्हणालो.

गाडी आली तेव्हा दिसायला झकास होती. पहिले दोन दिवस फोटोंचे गेले. तिसऱ्या दिवशी तो आणि वहिनी सामान घेऊन वेल्सकडे निघाले आणि घराजवळच्या तिसऱ्याच स्पीडब्रेकरवर सायलेन्सरने जमीन खरवडली. पुढे एका लांब डावीकडच्या वळणावर उजव्या मागच्या चाकातून घासल्याचा आवाज आला. परतल्यावर बघितलं तर उजव्या मडगार्डच्या आतल्या कडेवर बोटभर लांबीची चकचकीत रेघ उमटली होती, रंग जाऊन पत्रा दिसत होता.

स्टेअरिंगही जड झालं होतं. एमजीबीच्या पुढच्या चाकाला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, तब्बल सात अंश आहे. सरळ रस्त्यावर तो गाडीला रेषेत धरतो, पण पार्किंगमध्ये २० मिलिमीटर जास्त रुंद टायर वळवताना दंडातून वसूल करतो. पॉवर स्टेअरिंग नाही. वहिनींनी एकदा चालवून किल्ली परत दिली.

स्पीडोमीटर सत्तर मैलांच्या खऱ्या वेगाला त्र्याहत्तर दाखवू लागला. ओव्हरड्राइव्हमध्ये (हायवेवर इंजिन हळू फिरवणाऱ्या जादा गिअरमध्ये) सत्तरला इंजिन सुमारे सव्वाशे आरपीएम जास्त फिरत होतं. हे दोन्ही फार नाही, पण हायवेवर कानाला जाणवतं.

आणि गाडी अजूनही ड्रायव्हरच्या बाजूला कललेलीच होती.

मोजमाप, जे आधी व्हायला हवं होतं

त्या उन्हाळ्यात मित्राचे काका साताऱ्याहून आले होते. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून हयात गेलेले. गाडीच्या मागे उकिडवे बसून त्यांनी दोन्ही पाट्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, "उजवा पाटा बसलाय. त्याच्यावर ठोकळा कशाला घातलात?" मग उपायही सांगितला, "एक पान वाढवा, उठेल."

निदान शंभर टक्के बरोबर. उपाय मात्र बसचा होता. पान वाढवलं असतं तर पाटा उठला असता, पण हजार किलोच्या गाडीला तो इतका कडक झाला असता की प्रत्येक खड्डा मणक्यात मोजावा लागला असता. शिवाय आम्हाला गाडी वर नाही, खाली न्यायची होती. काकांना हे सांगायला मित्र कचरत होता. मी सांगितलं. ते म्हणाले, "तुमची हलकी गाडी, तुम्ही बघा," आणि पुढचा सगळा रविवार आमच्याबरोबर गॅरेजमध्ये थांबले.

मोजायची पद्धत अशी ठरवली. आधी चारही टायरमध्ये हवा पुस्तकाप्रमाणे, पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय. सपाट काँक्रीट. गाडी दोनदा पुढे-मागे ढकलायची, प्रत्येक कोपरा दाबून सोडायचा, म्हणजे अडकलेले सांधे सुटतात. ड्रायव्हरच्या सीटवर माणसाचं वजन हवं, पण माणूस हवा होता टेप धरायला. वहिनींच्या कोठीतून वीस-वीस किलोच्या तांदळाच्या तीन गोण्या आणि दहा किलोचा आटा आणला. सत्तर किलो, न हलणारा, न बोलणारा ड्रायव्हर.

माप घेतलं चाकाच्या मध्यापासून बॉडीच्या बाजूने जाणाऱ्या क्रोमपट्टीच्या खालच्या कडेपर्यंत. हा या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी भाग, म्हणून सावकाश सांगतो. जमिनीपासून मोजलं तर त्या आकड्यात टायर, हवा, झीज आणि स्प्रिंग सगळं मिसळलेलं असतं. चाकाच्या मध्यापासून मोजलं की टायर हिशेबातून बाहेर जातो आणि फक्त स्प्रिंग काय करते ते दिसतं. टायर लहान केला की बॉडी, अ‍ॅक्सल, सायलेन्सर सगळंच जमिनीकडे जातं, पण चाक आणि मडगार्ड यांच्यातलं सस्पेन्शनचं अंतर तसंच राहतं. स्प्रिंग आखूड केली की बॉडी खाली येते, अ‍ॅक्सल जागेवर राहतो आणि सस्पेन्शनला वर जायला उरलेली जागा कमी होते. दोन्ही केलं की दोन्ही तोटे.

आकडे असे निघाले. आधीचे आकडे गॅरेजने काम सुरू करण्यापूर्वी घेतले होते आणि बिलाच्या मागे पेन्सिलने लिहिले होते. सुदैवाने त्यांची मोजायची जागा आणि पद्धत आमचीच होती. आम्ही ते बिल नीट उलटून कधी पाहिलंच नव्हतं.

कामाआधी : पुढे उजवी ३९७, डावी ४०१. मागे उजवी ३७२, डावी ३८८.
कामानंतर : पुढे ३७३ आणि ३७६. मागे ३४७ आणि ३६३.

मागचा १६ मिलिमीटरचा फरक जसाच्या तसा. ठोकळ्याने दोन्ही बाजू सारख्याच खाली घेतल्या. बसलेला पाटा बसलेलाच राहिला आणि आता तो आणखी खाली होता. खरं तर उजवा मागचा कोपरा काळाने आधीच क्रोम बंपरच्या उंचीला आणून ठेवला होता. आम्ही पैसे देऊन तो इंचभर आणखी खाली नेला.

त्यात टायरची भर. ६२० वरून ५९६ म्हणजे अर्ध्या व्यासात १२ मिलिमीटर. मित्राला गाडी २५ मिलिमीटर खाली हवी होती, सायलेन्सर प्रत्यक्षात ३७ खाली आला होता.

अ‍ॅक्सल आणि बंप रबर (अ‍ॅक्सल बॉडीवर आपटू नये म्हणून लावलेला रबरी तुकडा) यांच्यातलं अंतर मोजलं. उजवीकडे २०, डावीकडे ३६. पूर्वी ते ४५ आणि ६१ असणार. उजवीकडच्या २० मध्ये दोन माणसं आणि सामान बसलं की उरतं काय, हे बघायला वहिनींकडून कणकेचा गोळा घेतला, बंप रबरवर चिकटवला आणि तांदळासकट गाडी त्याच स्पीडब्रेकरवरून नेली. गोळ्याची पोळी झाली होती. पलीकडचं रबर दिसत होतं.

आणखी एक गोष्ट काकांनी पकडली. पाट्याच्या शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बोल्ट कुठे आवळले, असं त्यांनी विचारलं. गाडी लिफ्टवर, चाकं लटकत असताना आवळले असणार, कारण लिफ्टवर तेच सोयीचं पडतं. मग गाडी जमिनीवर टेकली की बुशचं (बोल्टभोवतीच्या रबरी नळीचं) रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं, स्वतःच स्प्रिंगसारखं वागतं आणि काही महिन्यांत फाटतं. आम्ही बोल्ट गाडीच्या वजनाखाली सैल केले तेव्हा डाव्या बाजूने एक हलका कुरकुर आवाज आला आणि मागचा भाग ३ मिलिमीटर खाली बसला. म्हणजे ३६३ हाही आकडा खरा नव्हता.

दुसरी खेप

आता निर्णय सोपे होते, पण क्रम महत्त्वाचा होता. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर मोजमाप.

ठोकळे काढले. दोन्ही बाजूंना नवे पाटे घातले, क्रोम बंपरच्या उंचीला बसतील असे कमी बाकाचे. एकच बसलेला असला तरी जोडी बदलायची, नाहीतर कल फक्त दुसऱ्या बाजूला जातो. बुश नवे, आणि बोल्ट चाकं जमिनीवर असतानाच आवळले. पुढच्या आखूड स्प्रिंगा ठेवल्या, त्या चांगल्या होत्या.

पाट्यांना बसायला सुमारे पाचशे मैल दिले. मग आकडे : पुढे ३७५ आणि ३७७, मागे ३७६ आणि ३७९. बंप रबरपर्यंत ४९ आणि ५२. कल ३ मिलिमीटरवर आला, तो तांदळानेही होऊ शकतो.

टायरवर मात्र वाद झाला. मित्राला १८५/७० हवे होते. व्यास मूळच्या जवळ आणि दिसायला भरदार. माझं म्हणणं १६५/८०. हिशेबाने दोन्ही बसत होते. फरक होता मडगार्डच्या आतल्या जागेचा आणि स्टेअरिंगचा. पाट्यांच्या गाडीत अ‍ॅक्सल थोडा आडवा सरकतोच, त्याला अडवायला दुसरा दांडा नाही. १८५ मध्ये दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर जातात आणि तेवढ्यानेच ती चकचकीत रेघ उमटली होती. तो म्हणाला, "आता पाटे नवे आहेत, बुश नवे आहेत, नाही सरकणार." यात तथ्य होतं. शेवटी वहिनींनी निकाल दिला : पार्किंग करता येईल तेच टायर.

१६५/८० आर १४ बसवले, टी वेगश्रेणीचे. जवळजवळ नवे १८५/६५ दुसऱ्या एका एमजीबीवाल्याला निम्म्या किमतीत गेले. पुढचा टो (पुढची चाकं वरून पाहता किती आत वळलेली आहेत ते माप) पुन्हा जुळवला, कारण पुढची उंची बदलली की तो बदलतोच. पुस्तकात दीड ते सव्वादोन मिलिमीटर आत आहे, आम्ही दीडवर ठेवला. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा कल, या गाडीत बदलता येत नाही. पुढचा भाग खाली आल्यामुळे मूळचा सुमारे एक अंश धन कॅम्बर जवळजवळ शून्यावर आला, आणि वळणासाठी ते वाईट नाही.

हवा आम्ही पुस्तकापेक्षा वाढवली, पुढे २४ आणि मागे २६. २१ वर आजच्या टायरचा खांदा जास्त दबतो, असं आमच्या हातांना वाटलं.

विमा कंपनीला उंची आणि स्प्रिंगांचा बदल कळवला. पहिल्या खेपेला कळवला नव्हता. म्हणजे त्या वेल्सच्या फेरीत अपघात झाला असता तर मडगार्डवरची रेघ ही सगळ्यात छोटी गोष्ट ठरली असती.

परिणाम

स्पीडब्रेकर जातात. सामान घेऊन वेल्सला जाऊन आले, मडगार्डवर नवी रेघ नाही. स्पीडोमीटर सत्तरला सत्तर-एक्काहत्तर. वहिनी गाडी घेऊन बाजारात जातात.

वळणावर १६५ लवकर सुटतात, हे खरं. पण सुटताना सांगून सुटतात. आवाज वाढतो, स्टेअरिंग हलकं होतं, तुम्ही पाय काढता, गाडी परत येते. १८५ वर पकड जास्त होती, पण बंप रबरवर आपटत असताना ती कधी जाईल याचा भरवसा नव्हता. मित्राला हे पटायला एक ओला शनिवार आणि एक रिकामं विमानतळाचं मैदान लागलं.

दिसण्याचं दुःख मात्र आहे. मागून पाहिलं की टायर बारीक दिसतात. अजूनही तो १८५ वर उभ्या एमजीबींचे फोटो मला पाठवतो, काही न लिहिता.

वेगळं काय करता आलं असतं

गॅरेजवाल्याला मी फार दोष देत नाही. त्याने विचारलं त्याचं उत्तर दिलं. बोल्ट लटकत्या चाकांवर आवळले ही चूक त्याची, बाकी आमची. "गाडी कलते" ही तक्रार बाजूला ठेवून आम्ही "गाडी खाली हवी" हे काम दिलं. बिघाड आणि हौस एकाच दिवशी एकाच बिलात गेले की कुठल्या बदलाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. आधी नवे पाटे घालून गाडी मूळ अवस्थेत सरळ उभी केली असती, तर कदाचित मित्राला पुढे खाली न्यायची गरजच वाटली नसती. तो हे मान्य करत नाही.

टायर आणि उंची या दोन वेगळ्या खरेद्या नाहीत, हे मी पहिल्या फोनवर सांगायला हवं होतं. ६२० आणि ५९६ हे दोन आकडे कागदावर मांडायला दोन मिनिटं लागतात.

आणि मोजताना ड्रायव्हरच्या सीटवर वजन नसतं तर उजवी-डावी फरक कमी दिसला असता, असं काकांनीच गोण्या काढून-ठेवून दाखवलं. ते परत जाताना नव्या पाट्यांचे आकडे वहीत उतरवून घेऊन गेले. दर महिन्याला फोनवर विचारतात, उजवा किती आहे. गेल्या खेपेला ३७४ होता. "बसेल अजून दोन," ते म्हणाले, "मग थांबेल." ठोकळे गॅरेजच्या दाराला अडण म्हणून लावले आहेत. डाव्या मागच्या शॉकअपमधून तेल पाझरायला लागलंय, त्याचं काम आता हिवाळ्यात.